जुन्या टॅगवर ॲस्कोसेंडा, नव्या यादीत व्हँडा: ऑर्किडचं कुठलं नाव धरायचं?

गच्चीबाग (पुणे)

जुन्या टॅगवरची नावं आणि नर्सऱ्यांच्या नव्या याद्यांतली नावं यांचा मेळ बसेनासा झालाय. काही नमुने:

टॅगवर ‘ॲस्कोसेंडा प्रिन्सेस मिकासा’, यादीत ‘व्हँडा प्रिन्सेस मिकासा’. टॅगवर ‘निओफिनेशिया फाल्काटा’, यादीत ‘व्हँडा फाल्काटा’. ‘लेलिया परपुराटा’ची झाली ‘कॅटलिया परपुराटा’, आणि एका मधल्या काळातल्या टॅगवर तीच ‘सोफ्रोनायटिस परपुराटा’. ‘ऑन्सिडियम गॉवर रॅमसे’ आता ‘ऑन्सिडेसा’. ‘व्हॅस्कोस्टायलिस’ लिहिलेलं रोप कुठल्याच यादीत सापडत नाही. ‘एलसी (लेलिओकॅटलिया) मिनी पर्पल’ आणि ‘कॅटलिया मिनी पर्पल’ अशी दोन रोपं वेगळी समजून घेतलेली आहेत. ती एकच आहेत का?

प्रश्न तीन. जुनं नाव पाहून नवं नाव खात्रीने कसं शोधायचं? टॅग बदलायचे की तसेच ठेवायचे? आणि जात दुसऱ्या कुळीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) गेली म्हणून पाणी, ऊन, माध्यम यांत काही बदलायचं का?

मूळ_आणि_मॉस

आधी एक गोष्ट पक्की करा: टॅगवरचं रोप जाति (निसर्गातली, स्पीशीज) आहे की संकर. दोन्हींचे नियम वेगळे, शोधायची जागाही वेगळी. कुळीच्या नावानंतरचा शब्द रोमन लिपीत छोट्या अक्षराने सुरू होत असेल (फाल्काटा, परपुराटा) तर ती जाति. मोठ्या अक्षराने असेल (प्रिन्सेस मिकासा, मिनी पर्पल, गॉवर रॅमसे) तर ते संकराचं ग्रेक्स नाव, म्हणजे एका जनकजोडीच्या सगळ्या संततीचं मिळून एक नाव. त्यापुढे एकेरी अवतरणात काही असेल तर ते त्या ग्रेक्समधल्या एका निवडक रोपाचं, म्हणजे क्लोनचं नाव.

संकर: जगभरच्या ऑर्किड संकरांची नोंद लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी (आरएचएस) ठेवते. त्यांच्या नोंदवहीच्या शोधपानावर कुळीची जागा रिकामी सोडा आणि फक्त ग्रेक्स नाव टाका. जुनी कुळी टाकून शोधायला गेलात तर हाती काही लागेलच असं नाही, तुमच्या व्हॅस्कोस्टायलिसचं तेच झालं असावं. जी नोंद येईल तिच्यातली जनकजोडी तुमच्याकडच्या माहितीशी ताडून बघा. कुळ्या एकत्र झाल्यामुळे एकच ग्रेक्स नाव दोन संकरांना लागल्याची उदाहरणं आहेत. तिथे जनकजोडीशिवाय निवाडा होत नाही.

जाति: क्यू उद्यानाचं ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ हे संकेतस्थळ. जुनं नाव जसंच्या तसं टाका. ते ग्राह्य आहे की दुसऱ्या कशाचा पर्याय आहे हे तिथेच लिहिलेलं असतं. नुसत्या जातिनावावरून शोधत असाल तर शेवटचं अक्षर बदललेलं असू शकतं हे लक्षात ठेवा, कारण ते कुळीच्या व्याकरणातल्या लिंगाप्रमाणे फिरतं. ॲस्कोसेंट्रम ‘ॲम्प्युलेशियम’ व्हँडात गेल्यावर ‘ॲम्प्युलेशिया’ होते, ऑन्सिडियम ‘व्हॅरिकोसम’ गोमेसात ‘व्हॅरिकोसा’. मिलेरी, स्किनेरी अशी माणसांच्या नावावरून आलेली षष्ठीतली नावं मात्र बदलत नाहीत.

आता तुमची यादी.

ॲस्कोसेंट्रम आणि निओफिनेशिया २०१२ मध्ये व्हँडात विलीन झाल्या. डीएनए तपासल्यावर दिसलं की या दोन्ही व्हँडाच्या वंशवृक्षाच्या फांद्यांमध्येच बसतात. त्यांना वेगळं ठेवायचं तर व्हँडाचेच तुकडे करावे लागले असते. एकत्र करताना सगळ्यांत आधी प्रसिद्ध झालेलं नाव टिकतं. व्हँडा १८२०ची, ॲस्कोसेंट्रम १९१३ची, निओफिनेशिया १९२५ची. म्हणजे निकाल ठरलेलाच. गंमत अशी की ‘व्हँडा फाल्काटा’ हे नाव १८५४ मध्येच एकदा देऊन झालेलं होतं, त्यामुळे ते नवं नाहीच. जपानमधले फुकिरान (तिकडे याच फाल्काटाचं नाव) जोपासणारे अजून निओफिनेशियाच म्हणतात, आणि त्यांच्या याद्यांत तेच शोधावं लागतं.

यावरून संकर आपोआप सुटतात. ॲस्कोसेंडा म्हणजे ॲस्कोसेंट्रम आणि व्हँडा, म्हणून नुसती व्हँडा. व्हॅस्कोस्टायलिसमध्ये ॲस्कोसेंट्रम, ऱ्हिंकोस्टायलिस आणि व्हँडा होत्या. दोन एक झाल्या, उरलं व्हँडाकोस्टायलिस. मोकारा (अराक्निस, ॲस्कोसेंट्रम, व्हँडा) आता अरांडा. कागावारा झाली रेनँटांडा.

लेलियाचं प्रकरण दोन टप्प्यांत झालं, म्हणून तुमच्याकडे तीन नावं दिसतात. ब्राझीलच्या लेलिया या मेक्सिकोतल्या लेलियांपेक्षा कॅटलियाला जवळच्या निघाल्या. २००० मध्ये त्यांना सोफ्रोनायटिसमध्ये टाकलं, २००८ मध्ये सोफ्रोनायटिससकट सगळं कॅटलियात आलं. मधल्या आठ वर्षांतले टॅग, पुस्तकं आणि याद्या ‘सोफ्रोनायटिस परपुराटा’ म्हणतात. लेलिया हे नाव ज्या जातीवर आधारलेलं आहे ती मेक्सिकन, म्हणून नाव तिकडेच राहिलं: लेलिया ॲन्सेप्स, ऑटम्नालिस, स्पेसिओसा, रुबेसेन्स यांचे टॅग तसेच ठेवा.

मिनी पर्पल ही कॅटलिया वॉकेरियाना आणि लेलिया प्युमिला यांची संतती. प्युमिला कॅटलियात आली, त्यामुळे ‘एलसी’ गळून ‘सी’ (कॅटलिया) राहिलं. दोन्ही टॅग एकाच ग्रेक्सचे. पण म्हणून दोन्ही रोपं एक असतीलच असं नाही. बियांपासून आलेली भावंडं रंगात, आकारात बरीच वेगळी निघतात. अवतरणातलं क्लोननाव दोन्हींवर सारखं असेल तरच ते दुबार खरेदी झालं म्हणायचं.

कोकणपट्टा (सावंतवाडी)

वरचं सगळं बरोबर. तिसऱ्या प्रश्नावर मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण रोपं मरतात ती तिथे. नाव बदललं म्हणून रोपाची गरज बदलत नाही, हे सगळेच म्हणतात. खरी अडचण उलटी आहे. जुन्या कुळीच्या नावात निगराणीची खूण असायची, ती नव्या नावात पुसली गेली.

कॅटलिया घ्या. सोफ्रोनायटिस कॉक्सिनिया आता कॅटलिया कॉक्सिनिया आहे. नाव वाचून तुम्ही तिला बाकी कॅटलियांच्या रांगेत टांगाल आणि एप्रिलमध्ये ती बसेल. आग्नेय ब्राझीलच्या डोंगरांतल्या थंड, धुक्याच्या जंगलातली ती जाति आहे. पुण्याचा किंवा कोकणाचा उन्हाळा तिला सोसत नाही. उलट टोकाला लेलिया मिलेरी, आता कॅटलिया मिलेरी. मिनास जेराइसच्या खडकांवरची. तिला भरपूर ऊन, खडी किंवा विटांचे बारीक तुकडे, आणि दोन पाण्यांमध्ये पूर्ण सुकणं हवं. नारळाच्या सोडणात ठेवली की मुळं कुजतात. दोघींच्या टॅगवर कुळी एकच.

ऑन्सिडियममध्ये तर सापळाच आहे. थंड हवेतली प्रसिद्ध ओडोंटोग्लॉसम क्रिस्पम आता बहुतेक याद्यांत ऑन्सिडियम अलेक्झँड्री या नावाने येते. कुळी बदलताना ‘क्रिस्पम’ नेता आलं नाही, कारण ऑन्सिडियम क्रिस्पम नावाची ब्राझीलची दुसरीच जाति आधीपासून होती. ती जाति पुढे गोमेसात गेली, तिथे ‘क्रिस्पा’ आधीच कोणीतरी बसलेली, म्हणून तिचं झालं गोमेसा इम्पेरेटॉरिस-मॅक्सिमिलियानी! हे पाठ करायची गरज नाही. लक्षात एवढंच ठेवा की अलेक्झँड्री ही कोलंबियाच्या अँडीजमधली, दोन हजार मीटरच्या वरची. तिला रात्री १० ते १३ अंश लागतात आणि दिवसा २४-२५च्या वर ती त्रासते. ‘ऑन्सिडियम म्हणजे सोपं’ या समजुतीवर ती मागवू नका. काही अभ्यासक अजून ओडोंटोग्लॉसम वेगळंच धरतात, आणि निगराणीपुरतं तरी ते नाव जास्त उपयोगाचं आहे असं माझं मत.

पिवळ्या, नाचऱ्या फुलांच्या ब्राझिलियन ऑन्सिडियम गोमेसात का गेल्या, याचंही कारण पाहण्यासारखं आहे. तेल गोळा करणाऱ्या मधमाश्या मालपिघिएसी कुळातल्या पिवळ्या फुलांवर जातात. त्या फुलांची नक्कल वेगवेगळ्या ऑर्किडांनी स्वतंत्रपणे केली. फूल सारखं दिसतं म्हणून जुन्या लोकांनी सगळ्यांना एका कुळीत बसवलं. नातं मात्र लांबचं होतं. गॉवर रॅमसेत दोन्हीकडचं रक्त आहे, म्हणून ऑन्सिडियम अधिक गोमेसा, ऑन्सिडेसा. तुमची निगा आहे तीच चालू द्या.

जुन्या ‘ऑन्सिडियम’ टॅगची रोपं मात्र पानांवरून वेगळी काढा. पंख्यासारखी, जाड, त्रिकोणी छेदाची छोटी पानं असतील तर ती टोलम्निया. लाकडावर बांधा किंवा अगदी छोट्या कुंडीत कोळसा घाला. सकाळी पाणी दिलं तर दुपारपर्यंत मुळं कोरडी व्हायला हवीत. गाढवाच्या कानासारखं एकच मोठं, कडक, जाड पान आणि जवळजवळ नसलेला बल्ब (खोडाचा फुगीर भाग) असेल तर ट्रायकोसेंट्रम किंवा लोफिआरिस. ऊन जास्त, पाणी कमी. पातळ पानं आणि फुगीर हिरवे बल्ब असलेली उरतील त्यांना सुरकुती पडू न देता नियमित पाणी.

व्हँडाचंही तेच. प्रिन्सेस मिकासा टोपलीत उघड्या मुळांनी, रोज पाणी. फाल्काटा लांब धाग्याच्या मॉसच्या पोकळ उंचवट्यावर, हिवाळ्यात थंड आणि पाणी अगदी बेताचं. आणि व्हँडात नुसती भरती झाली असं नाही, काही बाहेरही पडल्या. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल ‘व्हँडा मिस जोकिम’ आता पॅपिलिओनँथे मिस जोकिम आहे. पेन्सिलीसारखी गोल पानं, आधाराला चढणारा दांडा, दिवसभर थेट ऊन. तिला शेडनेटखाली पट्ट्यापानांच्या व्हँडांशेजारी टांगलं की नुसती लांबत जाते, फूल नाही.

गच्चीबाग (पुणे)

हे फारच उपयोगी. दोन उपप्रश्न. ‘बीएलसी’ (ब्रासोलेलिओकॅटलिया) आणि ‘पॉट’ (पॉटिनारा) लिहिलेले बरेच टॅग आहेत; सगळीकडे सरसकट ‘आरएलसी’ लिहिलं तर चालेल का? आणि ‘डेंड्रोबियम फॅलेनॉप्सिस’ हे डेंड्रोबियम की फॅलेनॉप्सिस?

मूळ_आणि_मॉस

सरसकट नको. ‘बीएलसी’मधला ब बहुतेक वेळा ब्रासावोला डिग्बियानाचा, जी आता रिंकोलेलिया डिग्बियाना आहे. त्यामुळे बहुसंख्य बीएलसी रिंकोलेलिओकॅटलिया, म्हणजे आरएलसी झाल्या. पॉटिनारात आणखी सोफ्रोनायटिस होती, तीही कॅटलियात गेल्यामुळे त्यातल्याही पुष्कळ आरएलसी झाल्या. पण वंशात कॅटलिया ऑरँटियाका, स्किनेरी किंवा बॉवरिंगियाना आली असेल तर हिशेब बिघडतो. त्या २००३ पासून ग्वारियँथे आहेत. अशा संकराची रिंकॅटलियँथे होते, डिग्बियाना नसेल तर कॅटलियँथे. ‘एसएलसी (सोफ्रोलेलिओकॅटलिया) ज्वेल बॉक्स’ म्हणूनच कॅटलियँथे ज्वेल बॉक्स झाली, कारण एक पालक ऑरँटियाका.

आणि खरी ब्रासावोला, म्हणजे नोडोसा, जागची हललेली नाही. नोडोसा आणि बॉवरिंगियाना यांची ‘बीसी (ब्रासोकॅटलिया) मायकाय’ आता ब्रासँथे मायकाय. थोडक्यात, प्रत्येक ग्रेक्स वेगळा शोधा. नुसतं ‘बीएलसी, जांभळी’ असा टॅग असेल तर तो आहे तसाच राहू द्या.

डेंड्रोबियम फॅलेनॉप्सिस हे डेंड्रोबियमच. फूल फॅलेनॉप्सिससारखं, म्हणून जातिनाव तसं पडलं. आता बहुतेक ठिकाणी ते डेंड्रोबियम बिगिबमखाली धरतात. बाजारातले ‘डेन-फॅल’ हे त्याचे संकर. नर्सरीत नावाचा शेवटचा अर्धा भाग वाचून लोक त्यांना फॅलेनॉप्सिसच्या ७०-८० टक्के सावलीत ठेवतात आणि मग उंच, लुळे दांडे येतात, फुलं येत नाहीत. यांना ५० टक्क्यांचं शेडनेट योग्य. उंच, उसासारखी खोडं असतील तर डेंड्रोबियम, खोड जवळपास नसून जमिनीलगत रुंद पानं असतील तर फॅलेनॉप्सिस. फूल नसतानाही इतकं सहज ओळखता येतं.

खऱ्या फॅलेनॉप्सिसमध्ये टॅगच्या दृष्टीने मोठा बदल हा: डोरायटिस त्यात मिसळली, म्हणून ‘डोरिटिनॉप्सिस’ लिहिलेले सगळे टॅग आता फॅलेनॉप्सिस.

नोंदवही

टॅगबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून.

टॅगवर नावापेक्षा क्रमांक महत्त्वाचा. वर्ष आणि अनुक्रम, उदाहरणार्थ २०२४-०१७. हा क्रमांक रोपाला एकदाच मिळतो आणि कधी बदलत नाही. नाव वहीत किंवा एक्सेलमध्ये बदलत राहू दे. रकाने एवढे पुरेत: क्रमांक, आलेल्या टॅगवरचं नाव अक्षरशः जसं होतं तसं (चुकलेल्या स्पेलिंगसकट), कुठून आलं, तारीख, आजचं ग्राह्य नाव, ते कुठे तपासलं आणि कधी, जनकजोडी. ‘कधी तपासलं’ हा रकाना लोक गाळतात. तारीख नसेल तर पाच वर्षांनी जुनं कुठलं आणि सुधारलेलं कुठलं हे सांगता येत नाही.

मूळ टॅग फेकू नका. मागे नवा टॅग लावा आणि जुना त्याच कुंडीत उलटा खोचून ठेवा. रोप फोडताना प्रत्येक तुकड्याला तोच क्रमांक आणि पुढे अ, ब, क. टॅग आधी लिहायचे, मग कात्री हातात घ्यायची. एका टेबलावर एका वेळी एकच रोप. अदलाबदल होते ती याच कामात.

लिहायला एचबी किंवा टूबी पेन्सिल, खरबरीत प्लॅस्टिकच्या पट्टीवर. ‘परमनंट’ मार्करची शाई आपल्या उन्हात पुसट होते, आणि पातळ पांढरं प्लॅस्टिक कडक होऊन मातीच्या रेषेवर तुटतं. टोपलीतल्या व्हँडांना ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, बोथट बॉलपेनने दाबून कोरलेली, तारेने टोपलीच्या कडेला. खोडाला किंवा मुळाला तार बांधायची नाही, वाढताना ती रुतते.

टॅग हरवलेल्या रोपाला फोटो बघून ग्रेक्स नाव चिकटवू नका. सारखी दिसणारी संकरं ढिगाने असतात. ‘नोआयडी’ आणि क्रमांक, बस. जातींच्या बाबतीतही फुलाशिवाय घाई नको. आपल्याकडचं उदाहरण: डेंड्रोबियम बार्बॅट्युलम आणि डेंड्रोबियम ओव्हॅटम (जुन्या नोंदींत क्लोरॉप्स) पानं गळलेल्या दांड्यावरून वेगळी सांगणं अवघड. ‘सीतेची वेणी’ तर ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसालाही म्हणतात आणि एरिडिसलाही. टॅगवर नुसतं तेवढंच लिहिलं असेल तर नोंद अपुरी समजा.

प्रदर्शनात भाग घेताना संकरांसाठी आरएचएसच्या नोंदीतलं आजचं नाव द्या आणि पुढे कंसात जुनं. जातींसाठी आयोजक कोणती यादी धरतात ते नियमपत्रिकेत पाहा. आरएचएस आणि क्यू यांचं प्रत्येक जातीवर एकमत असतंच असं नाही. क्यूच्या यादीतला बदल संकरांच्या नोंदवहीत उतरायला वर्षं लागतात, कधी तो तिथे घेतलाच जात नाही.

कोकणपट्टा (सावंतवाडी)

यात कागदपत्रांची भर. परदेशातून रोपं मागवत असाल तर आयात परवाना, तिकडचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (रोप कीड-रोगमुक्त असल्याचं), साइटीसचा (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना आणि बिल, या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकच हवं. परवान्यावर ‘निओफिनेशिया’ आणि प्रमाणपत्रावर ‘व्हँडा’ असेल तर क्वारंटाइनच्या टेबलावर ती दोन वेगळी रोपं ठरतात. विक्रेत्याला आधीच विचारा की तो कुठलं नाव छापणार आहे, आणि तेच अर्जात लिहा. कुळी बदलली म्हणून साइटीसमधून सुटका नाही. जवळजवळ अख्खं ऑर्किड कुळ परिशिष्ट दोनमध्ये आहे; पॅफिओपेडिलम, फ्रॅग्मिपेडियम आणि इतर काही मोजक्या जाति परिशिष्ट एकमध्ये.

देशातल्या खरेदीतही एक काळजी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या विनिर्दिष्ट वनस्पतींत ब्लू व्हँडा म्हणजे व्हँडा सेरुलिया, रेड व्हँडा म्हणजे रेनँथेरा इमशूटियाना आणि पॅफिओपेडिलम आहेत. नर्सऱ्या निळसर फुलाच्या कुठल्याही संकराला ‘ब्लू व्हँडा’ म्हणून विकतात. बिलावर तेवढंच लिहून घेऊ नका, पूर्ण ग्रेक्स नाव लिहायला लावा.

गच्चीबाग (पुणे)

व्हॅस्कोस्टायलिस सापडलं, ग्रेक्स नाव टाकल्यावर लगेच व्हँडाकोस्टायलिस आलं, जनकजोडीही जुळते. क्रमांक देण्याचं काम सुरू करतो. शेवटचं एक: ‘मोकारा चार्क कुआन’ची आणखी रोपं हवी आहेत. नर्सरीत अरांडा म्हणून मागायची का?

मूळ_आणि_मॉस

नाही, मोकारा म्हणूनच मागा. नोंदीत ती अरांडा चार्क कुआन आहे, पण कटफ्लॉवरच्या धंद्यात मोकारा हेच चालतं. अरांडा मागितलीत तर पूर्वीपासूनची, ॲस्कोसेंट्रमचं रक्त नसलेली, उंच वाढणारी जात हातात पडायची शक्यता जास्त. शेंड्याचे तुकडे घेत असाल तर प्रत्येकाला निदान दोन-तीन जिवंत हवाई मुळं आहेत ना ते बघा, आणि मोकारा हे नाव वहीच्या ‘आलेल्या टॅगवरचं नाव’ या रकान्यात जाऊ द्या.